प्रिंटर कुणी बिघडवला, पल्लवी?

पल्लवी, इथल्या मराठी मंडळाच्या दोघी जणी परवा तुझ्यावर चार ओळी मागायला आल्या होत्या. "हसतमुख होती, मनमिळाऊ होती, असं काहीतरी लिहा ना," म्हणाल्या. मी हो हो केलं, चहा पाजला आणि वाटेला लावलं. तसलं मला लिहिता येत नाही. तू हसतमुख होतीस हे खरंच आहे, पण तुझं ते हसू बघितलं की माझ्या मनात पहिला विचार यायचा, आता ही बाई काय लपवतेय? थोरल्या जावेला हे कळतं. मंडळाला कुठून कळणार?

तू जाऊन महिनाही झाला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसलेय. बसणारच. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आणि ते तसंच टाकून तू निघून गेलीस, ही काही रीत झाली नाही. त्यात माझा स्वभाव तुला माहीत आहे. लग्नाआधी मी नाशिकला बँकेत चेकवरच्या सह्या पडताळायचे. तू म्हणायचीस, "ताई, ती खोड गेली नाही बघा तुमची. आमचं हसणंपण तुम्ही नमुन्याशी ताडून बघायल्या." लातूरचं ते 'बघायल्या' इथे आखातात, दोह्यात इतकी वर्षं राहूनही तू सोडलं नाहीस. मला ते ऐकायची सवय झाली होती, आणि आता ते कुणी बोलत नाही.

भांडण प्रिंटरचं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, माणूस गेलं आणि ही बाई प्रिंटरचं काय घेऊन बसलीय. पण तुला आठवत असेल.

त्या संध्याकाळी तुम्ही मायलेकी, तू आणि गार्गी, अल थुमामाहून आमच्याकडे आलात ते तुझे रिपोर्ट छापायला. इथल्या डॉक्टरांचं म्हणणं सांगून झालं होतं आणि मला ते मान्य नव्हतं. पुण्याच्या आपल्या जुन्या डॉक्टरांचं मत घ्यायचं, हे मीच ठरवलं. ते म्हातारे डॉक्टर मोबाइलवर काही बघत नाहीत, कागद हातात द्या म्हणतात. माझा नवरा आयता जाणारच होता, अविनाश दुसऱ्याच दिवशी त्याच्या कामासाठी पुण्याला निघाला होता, तो नेणार होता. तुमच्या घरी प्रिंटर नाही. गार्गीच्या शाळेचे प्रोजेक्ट असोत नाहीतर पूजेला वाटायच्या आरत्यांचे कागद असोत, सगळं आमच्या अल हिलालच्या फ्लॅटमध्ये, मधल्या खोलीतल्या त्या एका प्रिंटरवर. तसेच तुझे रिपोर्टही.

मी स्वयंपाकघरात थालीपिठं लावत होते. तू बाहेर सोफ्यावर आडवी झाली होतीस, लिफ्टपासून दारापर्यंत चालूनच तुला धाप लागली होती. मी हात धुऊन आले, लॅपटॉपवरून सगळी पानं छपाईला सोडली आणि प्रिंटर चालू केला. आतून घरघर आली, मग खट झालं, मग पुन्हा खट. शाईचे डबे ज्याच्यात बसतात तो आतला भाग, ज्याला कॅरेज म्हणतात, तो चालू होताना एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन येतो. तो मधेच कशावर तरी आदळत होता. छोट्या पडद्यावर आलं, मेकॅनिकल एरर, बंद करून पुन्हा चालू करा. केला. पुन्हा खट.

मी झाकण उघडायला हात घातला आणि तू उठून आलीस. धाप लागलेली बाई ताडकन उठली आणि माझ्या आणि प्रिंटरच्या मधे येऊन उभी राहिली.

"राहू द्या ताई. माझ्याच हातून काहीतरी झालं असंल. कागद घालताना हात लागला माझा."

पल्लवी, तू सोफ्यावरून उठलीच नव्हतीस. कागद मी घातले होते. मग तुझा हात लागला कुठून?

गार्गी तुझ्या मागे दाराला टेकून उभी होती, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आईच्या आजारपणाने पोर सुकलीय. आणि मला एकदम उलगडा झाल्यासारखं झालं. त्याच्या आदल्या आठवड्यात तूच म्हणाली होतीस, "आता पुरे ताई, खलास. अजून किती जणांना दाखवायचं?" म्हणजे तुला पुण्याचा सल्ला नकोच होता. मी तोंडावर बोलले, "तुला हे कागद जायला नको आहेत. खरं सांग, तूच काहीतरी केलंस."

तू हसलीस. "तुमच्या प्रिंटरनं माझं काय घोडं मारलंय ओ?"

हे उत्तर झालं का? मी विचारते काय, तू बोलतेस काय. तू थालीपीठ अर्धं टाकलंस, गार्गीने तर ताटाला हातही लावला नाही, आणि तुम्ही निघालात. प्रिंटरवर मी जुना टॉवेल टाकून ठेवला. कागदांचं अडलं नाही, अविनाशने दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात छापले आणि रात्रीच्या विमानाने नेले. पुण्याचे डॉक्टर इथल्या डॉक्टरांपेक्षा एक शब्द वेगळा बोलले नाहीत. ते गार्गीच्या कानावर जाऊ द्यायचं नाही असं तू, मी आणि तिच्या बापाने, सचिनने ठरवलं, आणि त्या दिवसापासून आपण तिच्यासमोर पुण्याचं नावच काढणं बंद केलं.

पण माझ्या डोक्यातून तो प्रिंटर जाईना. मी आधी अविनाशला धरलं. कंपनीची शाई महाग म्हणून याने कुठल्यातरी दुकानातून भलतीच शाई आणली होती, ती गळून आत चिकटली असणार. तो म्हणाला, "शाई चिकटली तर छपाई फिकट येईल, खट कशाला होईल?" स्वतःची चूक कोण कबूल करतो? मग सचिनवर घसरले. मागे एकदा त्याने ऑफिसचं काहीतरी छापलं होतं, तेव्हा जाड कागद कोंबला असेल. आयटीतली माणसं यंत्राला कशीही वागवतात. तो बिचारा तुझ्या धावपळीत होता, त्याने ऐकून घेतलं. पण फिरून फिरून माझं बोट तुझ्याकडेच यायचं. तू उठून मधे का आलीस?

आणि मग हॉस्पिटल. मी डबा घेऊन यायचे तेव्हा गार्गी तुझ्या उशाशी वाकलेली असायची. तुमचं कुजबुजणं चाललेलं असायचं आणि माझी चाहूल लागली की बंद. एकदा नाही, रोज. "काय चाललं होतं?" मी विचारायचे. "काही नाही ओ, शाळेचं," तू म्हणायचीस. गार्गी माझ्याकडे बघायचीही नाही. डब्यातली आमटी मी वाटीत आदळायचे, रागाने. आजारी माणसावर राग येतो का? मला यायचा. मी सकाळी उठून तुझ्यासाठी मऊ भात, बिनतिखटाची आमटी करून आणते आणि तू माझ्या पाठीमागे माझ्याच पुतणीला काय शिकवतेस?

आता तू म्हणशील, ताईंना सगळीकडे काळंबेरं दिसतं. दिसतं. पण तुझ्यावर माझा जीवही होता, हे तुला ठाऊक होतं का? मी कधी बोलले नाही. मी चिपळूणची, मला मासळीशिवाय चैन पडत नाही. तुला नुसता वास आला तरी मळमळायचं. तरी गाडी चालवायला शिकल्यावर तू मला पहिल्यांदा कुठे नेलंस, तर थेट उत्तरेला, अल रुवैसला. का, तर बंदरावर ताजी सुरमई मिळते असं मी कधीतरी बोलून गेले होते. तू रुमालाने नाक बांधून गाडीत बसलीस आणि मी होडीवाल्याशी हिंदीत घासाघीस करत राहिले. परतताना काचा उघड्या टाकून, त्या उन्हात, एसी बंद करून आलो आपण. दोघी घामाने निथळत होतो. "ताई, पुढच्या वेळी एकटीनं जा," तू म्हणालीस, आणि पुढच्या वेळी पुन्हा आलीस. तेव्हाही मला संशय आला होता बरं का. वाटलं, हिला माझ्याकडून काहीतरी हवं असणार. तुला काहीच नको होतं. हे लिहिताना मला आता रडू येतंय.

असो. तुला नाशिकला, आपल्या सासरी नेलं, सगळं रीतसर झालं, आम्ही परत आलो. गार्गी शाळेतून सुटली की आमच्याकडे येते, सचिन ऑफिसातून सुटला की तिला घेऊन जातो, अशी सोय लावली. मी म्हटलं, सोय कसली, तिला इथेच राहू दे, आमच्याकडे खोली आहे, माझ्या मुलाचं तिकडे भारतात नोकरीत बस्तान बसलंय, घर रिकामंच आहे. सचिनला ते पटलं होतं. आणि गार्गी एका संध्याकाळी बापाला म्हणाली, "आय वॉन्ट टू गो टू मावशी." लातूरला. तुझ्या बहिणीकडे. हे वर्ष संपलं की तिकडच्या शाळेत.

मी समोर बसले होते. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

झालं, माझं डोकं फिरलं. जिने लातूरच्या उन्हाळ्यात चार दिवस काढायचे तर तोंड वाकडं करावं, त्या पोरीला आता लातूर हवंय? हे तिच्या मनातलं नाही. हे तू पढवून गेलीस. हॉस्पिटलात तेच चाललं होतं तुमचं. 'काकूकडे राहू नकोस, ती संशयी आहे, ती तुझं जिणं नकोसं करेल.' हेच ना? पल्लवी, मी देवघरात उभी राहून तुझ्या फोटोला विचारलं, बोल, हेच सांगितलंस ना? तुला पोरगी माझ्या हाती द्यावीशी वाटली नाही. इतक्या वर्षांत तुला माझा भरवसा वाटला नाही. तू गेल्याचं दुःख होतंच, पण हे त्याच्या वरचं होतं.

सचिनने शाळेचा दाखला मागायचा अर्ज लॅपटॉपवर तयार केला आणि मला पाठवला. "वहिनी, तुमच्याकडे छापता येईल का? शाळेला सही केलेला कागद हवाय." मी म्हटलं, प्रिंटर बंद आहे. "हां, खलास, राहू दे, आठवड्यात कधीतरी ऑफिसात काढतो," तो म्हणाला. मला बरं वाटलं. प्रिंटर बंद आहे तोवर पोरगी इथे आहे, असं काहीतरी मूर्खासारखं मी मनाशी धरून बसले. सचिनही तो कागद काढायला विसरत होता. बापाच्या विसरण्यावर मी संशय घेतला नाही, एवढी अक्कल मला आहे.

पण एक गोष्ट माझ्या डोळ्यात खुपायला लागली. गार्गी मधल्या खोलीत जात नव्हती. तिचं अभ्यासाचं टेबल तिथे, तिची खुर्ची तिथे, तरी ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर वह्या पसरून बसायची. मी म्हटलं, "आत जाऊन बस, इथे फोडणीचा धूर येतो." "आय ॲम फाइन." चार्जर आत राहिला तर मला आणायला सांगायची. एकदा मी दारातून बघितलं, ती आत गेली तेव्हा भिंतीच्या कडेकडेने गेली, टॉवेलखालच्या त्या प्रिंटरपासून लांब. बँकेत एखादा माणूस काउंटरपासून असाच लांब उभा राहायचा तेव्हा मी सही दोनदा बघायचे.

काल दुपारी ती शाळेतून आली, जेवली, आणि मी म्हटलं, "यल्ला, चल गार्गी, आज हा प्रिंटर उघडूया."

तिच्या हातातला पेला ओट्यावर आपटला. "काकू, लीव्ह इट ना. जुना झालाय. नवीन घे."

"जुना कुठे? आत काय अडकलंय ते बघू."

"डोन्ट ओपन इट!" ती ओरडली. तुझी पोरगी माझ्यावर कधी ओरडलेली नाही.

आता तर मी उघडणारच होते. मी प्लग काढला, टॉवेल बाजूला केला, मागच्या खाचेत घातलेले कागद काढून ठेवले. मोबाइलवर एक माणूस व्हिडिओत सांगत होता, तसं झाकण वर करून टॉर्च मारला. गार्गी दारात उभी. वीज बंद असली की कॅरेज हाताने अलगद सरकतं म्हणे. मी ढकललं. डावीकडून निम्म्यापर्यंत छान आलं आणि पुढे अडलं. जोर करायचा नाही असं तो माणूस सांगत होता, म्हणून परत डावीकडे सरकवलं. मग मला दिसलं, कॅरेजच्या मागे एक पारदर्शक पट्टी असते, तिच्यावर लाल डाग. मी मनात म्हटलं, अविनाश, सापडलास, गळलेली शाई! कापूस ओला करून पुसला. कापसाला लाल रंग लागला, पण तो शाईसारखा पसरेना, कोरडा, कणीदार. मी नाकाशी धरला.

कुंकू होतं, पल्लवी. प्रिंटरमध्ये कुंकू.

टॉर्च खाली धरला तर तळाशी तांदळाचे दाणे. लाल, कुंकवात भिजवलेले. अक्षता! आणि मधोमध, जिथे कॅरेज अडत होतं तिथे, भिंत आणि दांडीच्या मधे घट्ट बसलेली एक सुपारी. माझ्या देवघरातली, पूजेची, अख्खी सुपारी.

तुला आठवतं, खंडेनवमीला आपण दोन्ही घरची यंत्रं आमच्याकडे पूजायचो. अविनाशचं ड्रिल, माझी शिलाई मशीन, मिक्सर, लॅपटॉप, गाड्यांच्या किल्ल्या, आणि हा प्रिंटर. मीच म्हणायचे पोरांना, पूजा केली की यंत्र वर्षभर नीट चालतं, दगा देत नाही. पण मी प्रिंटरवर कधी अक्षता टाकत नाही. झाकणाला हळदीकुंकवाचं बोट आणि वर एक झेंडू, बस. मला कळतं, मागे कागद घालायची उघडी खाच आहे. आणि खंडेनवमी होऊन गेली त्यानंतर किती वेळा या प्रिंटरवर छपाई झाली. म्हणजे ही पूजा नंतरची. कुणीतरी मागाहून, एकट्याने केलेली.

मी वळून बघितलं. गार्गी दारात नव्हती, खाली बसली होती, गुडघ्यात डोकं घालून.

मी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी प्रश्न गिळला. तिच्याजवळ जाऊन फरशीवर बसले.

"आय नो इट्स स्टुपिड," ती गुडघ्यातूनच म्हणाली. "तू किचनमध्ये होतीस. आईचे रिपोर्ट यातून येणार होते. तू म्हणतेस ना, पूजा केली की मशीन नीट काम करतं. मला वाटलं, मग रिपोर्ट चांगले येतील. मी सुपारीचा बाप्पा वर ठेवला आणि अक्षता टाकल्या. इट रोल्ड. मागून आत गेला."

"आईला माहीत होतं?"

"ती सोफ्यावरून बघत होती. दार उघडं होतं."

बघ. तू बघत होतीस. मी म्हणत होते ना, ती बाई उगाच उठून आली नाही.

"ती म्हणाली, काकूला आत्ता सांगू नको, तिचं डोकं तापलंय. मी बरी होऊन आले की गुपचूप काढते. मी हॉस्पिटलमध्ये रोज म्हणायचे, आई, मी काकूला सांगून टाकते. ती म्हणायची, थांब, मी येते ना घरी. इन्शाल्ला म्हणायची, हसायची." मी उठून चिमटा आणला.

भुवयांच्या चिमट्याने सुपारी निघेना, शेवटी अविनाशच्या पकडीने हळूच हलवून काढली. दाणे ओल्या कापसाने टिपून घेतले, सगळे. पट्टी पुन्हा पुसली. कॅरेज या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने सरकवून बघितलं, कुठे अडत नव्हतं. गार्गी उठून आली, टॉर्च तिने धरला. मी कागद परत खाचेत घातले, प्लग लावला आणि तिला म्हटलं, "तू दाब." तिने बटण दाबलं. घरघर झाली, कॅरेज गेलं, आलं, आणि खट झालं नाही.

आम्ही दोघी हसणार एवढ्यात प्रिंटरने आपणहून कागद ओढला.

माझ्या लक्षातच आलं नाही. लॅपटॉप तिथेच लावलेला होता आणि त्या संध्याकाळी सोडलेली पानं त्याच्यात तशीच अडकून बसली होती. पहिलं पान बाहेर आलं, वर तुझं नाव. मी बटणाकडे झेप घेतली. गार्गीने माझा हात धरला. "येऊ दे," म्हणाली. पानामागून पान येत गेलं, तुझं नाव, तुझं वय, तुझ्या रक्ताचे आकडे, आणि आम्ही दोघी बघत उभ्या. तिने ती सगळी पानं गोळा केली, टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या आणि मला विचारलं, "काकू, हे तेव्हा पुण्याला गेले असते तर आई राहिली असती का?"

पल्लवी, तुला हे माहीत होतं का? नसणार. तू असं चालू दिलं नसतंस. तुला वाटलं, पोरगी काकूच्या ओरडण्याला घाबरतेय. ती याला घाबरत होती. पुण्याचं नाव आपण तिच्यासमोर काढणं सोडलं आणि तिने त्याचा अर्थ लावला की कागद गेलेच नाहीत, माझ्यामुळे. आपण इतके हुशार, पोरीला जपत होतो, आणि ती हे पोटात घेऊन रोज या घरात येत होती. या खोलीत, या यंत्राशेजारी, तिने का राहावं? लातूर काय, ती कुठेही गेली असती.

मी तिचे दोन्ही दंड धरले. "गेले होते. गार्गी, नीट ऐक. सगळे कागद गेले होते. दुसऱ्याच दिवशी काकांनी ऑफिसात छापले आणि स्वतः नेऊन डॉक्टरांच्या हातात दिले. त्यांनी सगळे वाचले."

"सगळी पानं?"

"सगळी."

"मग ते काय म्हणाले?"

मी खरं सांगितलं. इथल्या डॉक्टरांचं बरोबर होतं, असं म्हणाले. तेव्हाच उशीर झाला होता, कुणाच्याच हातात काही नव्हतं. तू असतीस तर मला चिमटा काढून गप्प केलं असतंस. पण तू नाहीस, आणि मी अशीच बोलणार.

मला वाटलं, आता ही मोकळी होईल, माझ्या गळ्यात पडेल. ती भडकली. "मग मला कुणी सांगितलं का नाही?"

ती रडली ते रागाने रडली, मुठी आवळून, आणि मी तिला रडू दिलं. तिला रागवायचा हक्क होता. मलाही आहे. तू मला सांगायला हवं होतंस, पल्लवी. सांगितलं असतंस तर मी ओरडले असते, अगदी घर डोक्यावर घेतलं असतं. पण त्याच संध्याकाळी सुपारी निघाली असती, कागद तिच्या डोळ्यांदेखत छापून झाले असते, आणि पोरीला हे ओझं वाहावं लागलं नसतं. माझ्या तोंडाची तुला भीती वाटली, माझ्या मनाची खात्री वाटली नाही. मला तू चोर वाटत होतीस आणि मी तुला पोलीस. एवढी वर्षं सुरमई आणायला बरोबर गेलो आणि तरी हे. एवढंच माझं भांडण आहे. तुझ्या लेकीवर पांघरूण घालायला तू धाप लागलेली असताना उठून आलीस, याबद्दल मात्र मी तुला कधीच काही म्हणणार नाही. मीही उठले असते.

संध्याकाळी सचिन आला. गार्गीने तोंड धुतलं होतं, मधल्या खोलीत तिच्या खुर्चीवर वही उघडून बसली होती. तो दारातून बघून म्हणाला, "अरे वा, प्रिंटर चालू झाला वहिनी? मग तो शाळेचा अर्ज आत्ताच काढून टाकू, रोज राहतंय."

गार्गीने मान वर केली, बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"शाई संपलीय, बाबा," ती म्हणाली.

प्रिंटरच्या बाजूला शाई दिसायच्या चार खिडक्या आहेत आणि चारही काठोकाठ भरलेल्या आहेत. सचिनला त्या दारातून दिसत होत्या. त्याने त्या बघितल्या, मग मला विचारलं, "हो का वहिनी?"

"हो रे," मी म्हटलं. "थेंब नाही."

तो बूट काढून आत आला आणि जेवायला काय आहे ते विचारलं. अर्ज अजून छापलेला नाही, पल्लवी. गार्गी आत अभ्यास करतेय.